मोनकडे तोंड करून उभं असलेलं नाव

ब्रिटनमधल्या वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावर, एका किल्ल्याच्या गरुड बुरुजाखाली, धक्क्याच्या दगडी कठड्याला टेकून उभं राहिलं की पाण्यापलीकडे एक सखल, हिरवी पट्टी दिसते. ते मोन बेट. इंग्रजी नकाशात त्याला अँगलसी म्हणतात. मधलं पाणी मेनाय सामुद्रधुनीचं. भरती-ओहोटीला ते असं वाहतं की वेल्श माणसं त्याला सरळ नदी म्हणतात. डाव्या हाताला साइन्ट नावाची छोटी खरीखुरी नदी येऊन मिळते. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे तासभर उभी होते. शेजारी एक आजी नातवाला समोरच्या बेटाकडे बोट दाखवून काही सांगत होती. मला त्यातला एकच शब्द कळला: मोन. पण तेवढा कळला आणि मी ज्या गावात उभी होते त्याचं नाव मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

गावाचं नाव काएर्नार्वॉन. ‘काएर’ म्हणजे कोट, तटबंदीचं ठाणं. ‘अन’ म्हणजे मध्ये. ‘आर’ म्हणजे वर, लगत, समोर. आणि ‘वोन’ म्हणजे मोनच. वेल्श भाषेत काही शब्दांच्या पाठोपाठ येणाऱ्या नामाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. म चा व होतो, क चा ग होतो. आपल्याकडे नाम शेवटाकडून वाकतं, पुणे म्हणता म्हणता पुण्याला, सातारा म्हणता म्हणता साताऱ्यात. तिथे ते डोक्याकडून वाकतं. मोन, पण आर वोन. मोनसमोरचा मुलूख तो आर्वॉन, आणि त्या मुलखातला कोट तो काएर अन आर्वॉन. जिभेवर घासून घासून त्याचं काएर्नार्वॉन झालं. हे नाव रोमन लिपीत कसं लिहावं यावर तिथे वाद आहे, त्याकडे पुढे येते.

नाव देणारा माणूस कुठे उभा होता हे त्या नावातच आहे. तो मुख्य भूमीच्या काठावर उभा होता आणि त्याचं तोंड बेटाकडे होतं. याला कारणही होतं. मागे डोंगर, खडक, पाऊस, समोर धान्य. मोनला वेल्श लोक शेकडो वर्षं ‘मोन माम कम्री’ म्हणत आले आहेत, म्हणजे मोन, वेल्सची आई. डोंगरातली माणसं उपाशी राहू नयेत एवढं धान्य त्या सखल बेटावर पिकायचं. ज्या बाजूने भाकरी येते त्या बाजूला तोंड करून हे नाव उभं आहे. लंडनकडे नाही, राजाकडे नाही, किल्ल्याकडे तर नाहीच. कारण नाव रुळलं तेव्हा आजचा किल्ला नव्हता.

नावातला कोट वेगळा आहे. गावामागच्या टेकडीवर रोमन सैन्याच्या ठाण्याचे पाये आजही दिसतात. इ.स. 77च्या सुमारास ते ठाणं उभं राहिलं आणि तीनशेहून अधिक वर्षं टिकलं. रोमन त्याला सेगोंटियम म्हणत. हे नावही त्यांनी स्वतः घडवलं नव्हतं. खाली वाहणाऱ्या नदीचं स्थानिक नाव त्यांनी लॅटिनमध्ये बसवलं. तीच आजची साइन्ट. त्या नावातला ‘सेग’ हा धातू म्हणजे जोर, बळ. जोरकस नदी. भाषाशास्त्रज्ञ हाच धातू संस्कृतातल्या ‘सहस्’मध्ये पाहतात, आणि ‘सहस्’पासून आपलं ‘साहस’ आलं. वेल्सच्या एका नदीच्या नावात आणि आपल्या रोजच्या शब्दात एकच मूळ आहे, हे कळलं त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट इथेच सांगते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच कुळातल्या असाव्यात आणि वेल्श ज्या शाखेतली आहे ती केल्टिकही त्याच कुळातली असावी, हे 1786 साली कोलकात्यात मांडणारे सर विल्यम जोन्स. त्यांचे वडील गणिती होते, पाय (π) हे चिन्ह वर्तुळाच्या परीघ-व्यास गुणोत्तरासाठी 1706 साली या वडिलांनीच प्रथम वापरलं, आणि वडिलांचा जन्म याच मोन बेटावरचा. धक्क्यावरून दिसणाऱ्या त्या हिरव्या पट्टीचा आपल्याशी एवढा संबंध आहे.

मध्ययुगातल्या वेल्श कथांमध्ये गावाचं नाव येतं ते ‘काएर साइन्ट अन आर्वॉन’ असं. आयर्लंडमध्ये सासरी छळ सोसणारी ब्रान्वेन एक पक्षी पाळते, त्याला बोलायला शिकवते आणि त्याच्या पंखाला पत्र बांधून भावाकडे धाडते. पक्षी समुद्र ओलांडून येतो आणि भाऊ त्याला सापडतो तो याच कोटात. म्हणजे इंग्लंडच्या एडवर्ड राजाचे गवंडी किल्ला बांधायला येण्याआधी या ठिकाणाला नाव होतं, अर्थ होता आणि कथा होती.

मग 1282चा डिसेंबर आला. वायव्य वेल्समधल्या ग्विनेथचा राजा लवेलिन ॲप ग्रिफिथ मारला गेला आणि पुढच्याच वर्षी पहिल्या एडवर्डने इथे किल्ला आणि तटबंदीचं शहर बांधायला घेतलं. सॅव्हॉयहून आलेला जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा प्रमुख स्थपती. बहुकोनी बुरूज, वेगवेगळ्या रंगांच्या दगडांचे आडवे पट्टे: कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी असा थाट असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. 1284च्या एप्रिलमध्ये राजाचा मुलगा इथेच जन्मला आणि 1301 साली त्याला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ केलं. आधीच्या वेल्श वस्तीला जागा सोडावी लागली. तटाच्या आत घरं मिळाली ती इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना. 1294 साली मादोग ॲप लवेलिनच्या बंडात शहर जळलं, आणि त्यानंतर निर्बंध आणखी आवळले गेले. या गावाला नाव देणाऱ्यांच्या वंशजांना त्या गावात राहायची, व्यापार करायची मुभा राहिली नाही.

इथे एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. एडवर्डला नावं बदलायची सवय नव्हती असं नाही. मोन बेटावर 1295 साली त्याने शेवटचा मोठा किल्ला बांधायला घेतला, त्या गावाचं नाव बोमॅरिस. ते फ्रेंच आहे, ‘सुंदर दलदल’. त्यासाठी लान्वाएस या भरभराटीच्या वेल्श बंदरातल्या लोकांना उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. त्या नव्या जागेचं नाव ठेवलं न्यूबरो, ‘नवं नगर’. हुकूम निघाला की नाव पडायचं. काएर्नार्वॉनमध्ये मात्र राजाने सगळं बदललं, माणसं, कायदा, घरं, दगड, आणि नाव तेच राहिलं. कारकुनांनी ते निरनिराळ्या प्रकारांनी लिहिलं, पण बोलताना गाव मोनकडेच पाहत राहिलं.

मग या नावाबद्दल आज वाद कशाचा? वाद लिहिण्याचा. इंग्रजी राज्यकारभारात हे नाव पुढे ‘कार्नार्वन’ असं लिहिलं जाऊ लागलं, व साठी इंग्रजी ‘व्ही’ वापरून, आणि ‘काएर’मधला ‘ए’ गाळून. आपल्यातल्या पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते गावामुळे नाही, तर 1922 साली तूतानखामेनची कबर उघडली गेली तेव्हा हॉवर्ड कार्टरच्या मागे पैसा उभा करणाऱ्या लॉर्ड कार्नार्वनमुळे. ती उमरावकी या गावाच्या नावाची, पण जुन्या लेखनात गोठलेली. त्याच घराण्यातल्या वसाहतमंत्र्यावरून पश्चिम ऑस्ट्रेलियात एक कार्नार्वन आहे, दक्षिण आफ्रिकेत एक आहे. तिथून कुठलंही मोन दिसत नाही. शब्द अर्थापासून सुटला की असाच जगभर भटकतो.

1926 साली नगरपालिकेने पहिली दुरुस्ती केली, ‘कार’चं ‘काएर’ केलं. कोट परत आला. 1970च्या दशकात दुसरी दुरुस्ती झाली, ‘व्ही’च्या जागी ‘एफ’ आला. वेल्श लिपीव्यवस्थेत एका ‘एफ’चा उच्चार व, आणि फ हवा असेल तर दोन ‘एफ’. म्हणजे उच्चार तोच राहिला, अक्षर बदललं. आणि इथेच आक्षेप घेणारे उभे राहतात. त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

ते म्हणतात, ‘व्ही’ लिहिला होता तेव्हा परका माणूस निदान बरोबर उच्चार करत होता. आता ‘एफ’ पाहून पर्यटक ‘कार्नारफॉन’ म्हणतो. मग नावाचं भलं झालं की वाईट? शिवाय ‘व्ही’ हा काही साहेबाने लादलेला नाही. मध्ययुगातल्या वेल्श हस्तलिखितांतही हा ध्वनी ‘व्ही’ने, ‘यू’ने लिहिलेला सापडतो.

हे खरं आहे. ‘व्ही’ परका आणि ‘एफ’ देशी असं सोपं भांडण इथे नाही. पण एक नाव एकटं लिहिलं जात नसतं. रस्त्यावरच्या पाटीवर, शाळेच्या फळ्यावर, नकाशावर त्याच्या आजूबाजूला मोन असतं, आर्वॉन असतं, शेकडो नावं आणि लाखो शब्द असतात, आणि ते सगळे आजच्या वेल्श लेखनाच्या नियमांनी लिहिलेले असतात. त्यातलं एकच नाव दुसऱ्या भाषेच्या नियमाने लिहिलं, तर तिथल्या मुलाला शाळेत शिकलेलं ‘आर्वॉन’ आणि गावाच्या पाटीवरचं ‘आर्वॉन’ वेगळं दिसतं. नावाची घडी उलगडायला जो धागा लागतो तोच तुटतो. परक्या माणसाची जीभ अडखळेल, हे नुकसान आहेच. पण ते एका मिनिटात कुणाला विचारून भरून निघतं. गावच्या मुलाला आपल्या गावाचा अर्थ वाचता न येणं हे नुकसान विचारून भरून निघत नाही, कारण विचारायचं आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या ळ चं रोमन लिपीत काय होतं ते आपण रोज पाहतो. जळगावचं जलगाव होतं, लोणावळ्यात ण आणि ळ दोन्ही जातात. स्टेशनवरची इंग्रजी पाटी वाचून आलेला प्रवासी जे म्हणतो ते आपण चालवून घेतो, पण वरची देवनागरी पाटी काढून टाका असं कुणी म्हटलं तर चालवून घेणार नाही.

देवनागरी पाटी काढणं हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. 1960च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात वेल्श भाषेच्या कार्यकर्त्यांनी रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्या हिरव्या रंगाने रंगवल्या, काही उपटल्या, आणि त्यासाठी तुरुंगात गेले. पाटीसाठी तुरुंग, असं वाटू शकतं. पण त्याआधीच, 1965 साली, लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव धरणाखाली गेलं होतं. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा त्याला विरोध होता, तरी ते गेलं. धरणग्रस्त गावाचं नाव फक्त पाण्यावर उरतं, हे आपल्याकडच्या कोयनाकाठच्या माणसांना माहीत आहे. पाटीवरचं नाव हा त्या लोकांसाठी सजावटीचा प्रश्न नव्हता. आज वेल्सभर दोन भाषांतल्या पाट्या आहेत, रस्त्यावर ‘स्लो’च्या जोडीला ‘आराव’ लिहिलेलं असतं, ते त्या लोकांमुळे.

म्हणून मला वाटतं, नावांच्या प्रश्नावर बोलताना एक फरक कायम हाताशी ठेवावा. काही ठिकाणांना खरोखर दोन नावं आहेत. स्वान्सी हे नाव समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांनी दिलं. वेल्श लोक त्याच शहराला आबेरतावे म्हणतात, तावे नदीचं मुख. दोन्ही जुनी, दोन्ही अर्थाची. त्यातलं एक मोडून काढा असं मी म्हणणार नाही. वेल्सच्या सर्वांत उंच शिखराचं स्नोडन हे नावही इंग्रजांनी काल ठेवलेलं नाही, अकराव्या शतकापासून ते लिखाणात आहे. तरीही 2022च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने यापुढे त्या डोंगराळ मुलखासाठी ‘एररी’ आणि शिखरासाठी ‘अर विध्वा’ हीच वेल्श नावं वापरायचं ठरवलं, ते मला योग्य वाटतं. पण तिथे दोन नावांतून निवड झाली, आणि निवड म्हटली की दुसऱ्या बाजूला काही तरी गमावल्याची भावना येणार, ती मान्य केली पाहिजे. काएर्नार्वॉनचं तसं नाही. ‘कार्नार्वन’ हे दुसरं नावच नव्हतं. ते याच नावाचं चुकलेलं लेखन होतं. लानेल्ली, कोन्वी, डोल्गेल्लाय या गावांच्या नावांचंही तेच. चूक दुरुस्त केल्याने इतिहास पुसला जात नाही. ‘आम्हाला जुनं लेखन सवयीचं होतं’ ही तक्रार मी समजू शकते, पण तिला वारशाचं नाव देणं मला पटत नाही.

मोठ्या नावांचं आता बरं चाललंय. दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात दहातले आठहून अधिक लोक वेल्श बोलतात, आणि 2021च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये हे प्रमाण 17.8 टक्के होतं. जिथून वेल्श माणसाला हाकललं, तोच तट आज वेल्श बोलण्याने भरलेला आहे. बेकरीत, बसथांब्यावर, नांगरलेल्या होड्यांवर. गावच्या माणसाला ‘कोवी’ म्हणतात आणि कोवी बोलीचा त्यांना अभिमान आहे. हे नाव टिकलं ते तोंडी वापरामुळे. एडवर्डचा तट पोकळ झाला, 1986 साली जागतिक वारसा झाला, तिकीट काढून पाहायचा झाला, आणि नाव अजून कामाला आहे.

माझी काळजी लहान नावांची आहे. गावाबाहेर पडलं की प्रत्येक शेताला, प्रत्येक घराला, ओढ्याला, बांधाला नाव आहे. ‘टी’ म्हणजे घर, ‘काए’ म्हणजे शेत, ‘पान्ट’ म्हणजे खोलगट जागा, ‘हेन’ म्हणजे जुनं. नाव वाचलं की जमीन समजते: इथे पाणी साचतं, इथे जुनी वाट होती, इथे गिरणी होती. सुट्टीसाठी घर घेणारा माणूस येतो, त्याला नाव उच्चारता येत नाही, तो फाटकावर ‘समुद्रदर्शन’ किंवा ‘गुलाबकुटी’ अशा अर्थाची गोड इंग्रजी पाटी लावतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तीन-चारशे वर्षांची एक नोंद त्या दुपारी पुसली जाते. 2016च्या कायद्याने वेल्समध्ये ऐतिहासिक स्थळनामांची अधिकृत यादी झाली. तिच्यात लाखो नावं आहेत, आणि कुठल्याही देशासाठी ती अभिमानाची गोष्ट आहे. स्थानिक संस्थांनी ती यादी लक्षात घ्यावी असंही सांगितलं आहे. पण घरमालकाला तिची सक्ती नाही. यादीत नाव राहतं आणि फाटकावरून जातं.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या इमारतीची खिडकी बदलायला जशी परवानगी लागते, तशी यादीतलं नाव बदलायलाही लागली पाहिजे. मालकी हक्काचा मुद्दा मला ठाऊक आहे. घर विकत घेता येतं. नाव मात्र शेजाऱ्यांचं, पोस्टमनचं, दफनभूमीतल्या शिळेचंही असतं. ते खरेदीखतात येत नाही. नवं नाव हवं असेल तर जुन्याच्या खाली लावा, जुनं काढायचं असेल तर विचारा. एवढं बंधन फार नाही.

आणि आता आपल्या घरातली गोष्ट. मराठी वर्तमानपत्रांत, प्रवासवर्णनांत, पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत मला ‘कार्नारफॉन’, ‘केर्नारफोन’, ‘कॉनवे’, ‘हार्लेच’ असं दिसतं. आपण रोमन अक्षरं पाहतो आणि ती इंग्रजी समजून देवनागरीत उतरवतो. म्हणजे ज्या वाटेने त्या नावाचा अर्थ दोनदा हरवला, त्याच वाटेने आपण त्याला तिसऱ्यांदा नेतो. आपल्याला तर ही अडचणच नाही. ‘एफ’ की ‘व्ही’ हा वाद देवनागरीत उद्भवतच नाही, कारण आपण ध्वनी लिहितो. तिथला माणूस जे म्हणतो ते ऐकायचं आणि लिहायचं: काएर्नार्वॉन. हार्लेख, ज्याचा अर्थ देखणा खडक असा सांगतात आणि किल्ला ज्या कड्यावर उभा आहे तो पाहिला की पटतो. कोन्वी. मेनाय. वेल्शमधला दुहेरी ‘एल’ मात्र आपल्या लिपीत नीट येत नाही, जीभ दाताला लावून बाजूने हवा सोडावी लागते. तिथे ‘ल्ल’ लिहून पुढे जावं, जसं इंग्रजीत आपल्या ळ ला ‘एल’ लिहून पुढे जातात.

व लिहायचा की व्ह, यावर चर्चा होऊ शकते. मी व लिहिला आहे, कारण ‘आर्वॉन’मधला व आणि ‘मोन’मधला म एकमेकांचे आहेत, आणि मराठी वाचकाला व पाहून तो म पर्यंत पोचणं सोपं जाईल असं मला वाटतं. धक्क्यावरची ती आजी नातवाला बोट दाखवून तेच सांगत होती बहुतेक. पाणी ओहोटीचं होतं, बेटाच्या काठावरची वाळू उघडी पडली होती, आणि पोराने तिच्या पाठोपाठ म्हटलं, मोन.